मदत हवी आहे: आईच्या डोळ्यातला युव्हायटिस आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन

नमस्कार मंडळी, आईचं वय ६८, शुगर आहे, आम्ही साताऱ्याला असतो. तिचा उजवा डोळा सारखा लाल व्हायचा, उजेड सहनच व्हायचा नाही, भर दुपारी पडदे लावून बसायची, आधी डोळे आलेत म्हणून साधे ड्रॉप दिले पण चिपडं वगैरे काहीच नव्हती, मग नीट तपासल्यावर युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आत सूज, निघाला. टीबीमुळे आहे का म्हणून केलेल्या टेस्ट नॉर्मल आल्या. प्रेडनिसोलोनचे (स्टिरॉइडचे) ड्रॉप कमी केले की परत लाली येते आणि चालू ठेवले तर डोळ्याचं प्रेशर वाढतं. आता मोतीबिंदूही आहे, पण डॉक्टर म्हणतात डोळा निदान ३ महिने शांत राहिला पाहिजे मगच ऑपरेशन. ते पटतं हो, पण तोवर तिला भाजी निवडताना अळीसुद्धा दिसत नाही, बघून फार जीव तुटतो. स्टिरॉइडच्या गोळ्या शुगरमुळे नकोत म्हणून मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबून सूज कमी करणारी गोळी) सुचवलंय, आठवड्यातून एकदाच घ्यायची ती. ह्या वयात कोणी घेतलीये का, झेपली का, लिव्हरच्या टेस्ट किती दिवसांनी करायला लावतात? आणि पुण्यात खास युव्हायटिस बघणारे डॉक्टर माहीत आहेत का, की सरळ हैदराबादला एल. व्ही. प्रसाद ह्या डोळ्यांच्या हॉस्पिटललाच न्यावं? प्लीज स्वतःचा किंवा घरातला अनुभव असेल तर सांगा, घरगुती उपाय नकोत.