मदत हवी आहे: दिव्यांगांच्या पार्किंगमध्ये साइड व्हीलची स्कूटर लावू देत नाहीत (नाशिक)

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. आरटीओ, महापालिका, कायदा यातलं कळणाऱ्यांची मदत हवी आहे, आणि माझ्यासारखी गाडी चालवणाऱ्यांचे अनुभवही.

लहानपणी पोलिओ झाला. उजव्या पायाला कॅलिपर (आधाराची पट्टी) आहे, मागे दोन्ही बाजूंना जादा चाकं म्हणजे साइड व्हील लावलेली स्कूटर चालवते. आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) तशी नोंद आहे, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे, लायसन्स आहे. कागदाच्या बाबतीत कुणी बोट ठेवू शकणार नाही.

कॉलेज रोडच्या एका व्यापारी संकुलात मला फिजिओथेरपीसाठी नेमाने जावं लागतं. तिथे लिफ्टच्या तोंडाशीच व्हीलचेअरचं निळं चित्र काढलेली जागा आहे. चित्र बघून पहिल्यांदा फार बरं वाटलं होतं. पण गाडी लावायला गेलं की वॉचमन हात आडवा करतो: "ताई, ही जागा कारसाठी आहे. टू-व्हीलर खाली बेसमेंटला."

साइड व्हीलची गाडी ज्यांनी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगते. बेसमेंटच्या उतारावर वळण आलं की एका बाजूचं चाक उचललं जातं आणि गाडी कलंडते की काय असं होतं. खाली पोचलात तरी टू-व्हीलरच्या रांगेत दोन्ही बाजूंना गाड्या चिकटवलेल्या असतात. माझी गाडी मीटरभर रुंद, रिव्हर्स गियर नाही, आणि एका पायाच्या रेट्याने ती मागे ढकलता येत नाही. कुणीतरी येऊन शेजारच्या गाड्या सरकवेपर्यंत तिथेच उभं राहायचं. वर जायला बेसमेंटमधून लिफ्ट नाही, पायऱ्याच आहेत.

मग त्या निळ्या चित्रावर असतं कोण? कधी पाण्याचे जार, कधी दुकानाचा माल. आणि बहुतेक वेळा एक पांढरी मोठी गाडी, मागच्या काचेवर व्हीलचेअरचं स्टिकर. उतरणारे गृहस्थ फोनवर बोलत, दोन-दोन पायऱ्या टाकत वर जातात. एकदा विचारलं तर म्हणाले, "वडिलांच्या नावावर गाडी आहे." वडील गाडीत नव्हते.

तर विचारायचं असं की, असं स्टिकर सरकार देतं का? देत असेल तर मला कुठे मिळेल? ही जागा खरंच फक्त कारसाठी असते का? आणि तक्रार करायचीच झाली तर कुणाकडे? वाहतूक पोलिसांना विचारलं तर ते "आतली जागा खाजगी आहे" म्हणाले.

चिवडा_विथ_रस्सा

वाचतोय. माझ्या मावसभावाचीही अशीच गाडी आहे, शालिमारच्या गर्दीत लावायची म्हटलं की त्याच्या अंगावर काटा येतो.

पेठरोड_१५

ताई, आरटीओच्या कामात बरीच वर्षं आहे, त्यामुळे माझ्या परीने सांगतो.

स्टिकरचं आधी. देशभर चालेल असा दिव्यांग पार्किंगचा परवाना आपल्याकडे नाहीच. काचेवरचं ते चित्र कुठलाही रेडियमवाला पाच मिनिटांत कापून देतो, कार्ड विचारत नाही. त्यामुळे ते नसल्याने तुमचं काही अडत नाही, आणि असल्याने त्या गृहस्थांना काही हक्क मिळत नाही.

खरा कागद दोनच ठिकाणी. एक, तुमचं यूडीआयडी. कार्डावर पांढरी पट्टी म्हणजे दिव्यांगत्व ४० टक्क्यांखाली, पिवळी ४० ते ७९, निळी ८० आणि वर. तुमची पिवळी असेल असा अंदाज. दुसरा, आरसी. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने नोंदणीचा फॉर्म २० बदलला, तेव्हापासून मालकीच्या रकान्यात 'दिव्यांगजन' अशी नोंद करता येते. जीएसटीची सवलत घेऊन घेतलेल्या गाडीची नोंद वेगळी, सवलत न घेतलेलीची वेगळी. आता गंमत अशी की त्या 'वडिलांच्या नावावरच्या' गाडीवर ही नोंद असूही शकते. पण ती नोंद करसवलतीसारख्या लाभांसाठी आहे. वडील घरी आणि मुलगा कॉलेज रोडला, तर पार्किंगची सोय कुणासाठी?

खडूस_आजोबा

एवढ्या भानगडी कशाला? टायरमधली हवा सोडा. दोनदा चालत घरी गेले की तिसऱ्यांदा लावणार नाहीत.

मधली_सुट्टी

आजोबा, हवा सोडली की गाडी तिथेच अडकून पडणार, मग ताईंनी लावायची कुठे? :)

दुसरं जरा गंभीरपणे. "दोन-दोन पायऱ्या चढत गेला" यावरून लगेच निकाल देऊ नका, ही सगळ्यांनाच विनंती. माझ्या काकांना जयपूर फूट आहे. पँट घातली की कुणालाही कळत नाही, आणि मोकळ्या रस्त्यावर ते बऱ्यापैकी चालतात. संध्याकाळपर्यंत पाय सोलवटलेला असतो तो भाग लोकांना दिसत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. हिमोफिलिया, सिकल सेल, पार्किन्सन हेही त्यात येतात. काकांना एकदा एका बाईने भर पार्किंगमध्ये "लाज वाटत नाही का" म्हणून सुनावलं होतं. त्यांनी पँट वर करून दाखवली, पण नंतर किती तरी दिवस गाडी बाहेर काढायला तयार नव्हते. म्हणून म्हणते, चालण्याकडे न बघता कार्ड विचारा, आणि तेही तुम्ही नाही, वॉचमनने. तेच त्याचं काम.

गोदाकाठची

मधली_सुट्टी, पटलं. मलाही लोक "कॅलिपर काढल्यावर चालता का हो?" असं विचारतात, त्यामुळे संशय काय असतो ते ठाऊक आहे. या गृहस्थांनी मात्र स्वतःच वडिलांचं नाव सांगितलं, म्हणून लिहिलं.

नकाशावाला

निवृत्त स्थापत्य अभियंता, त्यामुळे लांबण लागेल, सांभाळून घ्या.

राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली (बांधकामाचे नियम) २०२० ची, नाशिकला लागू आहे. सार्वजनिक वापराच्या इमारतीत दिव्यांगांसाठी दोन कारइतकी जागा जमिनीच्या पातळीवर, प्रवेशद्वाराजवळ द्यायची, प्रवेशद्वारापासून जास्तीत जास्त ३० मीटर, आणि रुंदी किमान ३.६ मीटर. साध्या कारची जागा अडीच मीटर रुंद असते. वरचा मीटरभर दार पूर्ण उघडून शेजारी व्हीलचेअर लावायला. बरेच बिल्डर नेहमीच्याच अडीच मीटरच्या पट्ट्यात चित्र रंगवतात आणि काम झालं म्हणतात. त्यामुळे आधी ती जागा मोजा. संकुल २०२० च्या आधीचं असेल तर मंजुरीच्या वेळची नियमावली लागेल, हेही बघावं लागेल.

'दोन कारइतकी' हे जागेचं माप आहे. जागा दिव्यांग व्यक्तीसाठी आहे, ती कारने आली की स्कूटरने याचा संबंध नाही. वॉचमनला कुणीतरी चुकीचं सांगितलंय.

पण एक तुमच्या विरुद्ध जाणारी गोष्टही बोलतो. तुमची मीटरभर रुंद गाडी ३.६ मीटरच्या मधोमध उभी राहिली, तर त्यानंतर व्हीलचेअर घेऊन कारने येणाऱ्याला जागा उरत नाही. तुमच्यासारख्या दोन गाड्या एका कडेला नीट मावतात, तरी कार बसणार नाहीच. म्हणून तिथेच शेजारी, जमिनीच्या पातळीवर, दोन मीटर रुंदीचा वेगळा पट्टा साइड व्हीलच्या स्कूटरसाठी मागा. आपल्याकडे कारवाल्या दिव्यांगांपेक्षा स्कूटरवाले कितीतरी जास्त दिसतात आणि सगळे नियम कार धरून लिहिलेत, हे मूळ दुखणं आहे.

तक्रारीचं. महापालिकेत, म्हणजे राजीव गांधी भवनात, नगररचना विभागाकडे माहिती अधिकारात त्या संकुलाचा मंजूर नकाशा मागा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, उत्तराची मुदत ३० दिवस. नकाशावर दिव्यांगांची जागा दाखवलेली असेल आणि प्रत्यक्षात तिथे जार असतील, तर तुमचं म्हणणं कागदावर आलं. मग पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे साध्या कागदावर तक्रार. चौकशीत त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात: बोलावणं, कागद मागवणं. त्याच २०१६ च्या कायद्याच्या कलम ८९ मध्ये पहिल्या उल्लंघनाला १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, पुढच्याला ५०,००० ते ५ लाख.

पोलिस 'खाजगी' म्हणाले त्याबद्दल. मोटार वाहन कायद्यात 'सार्वजनिक जागा' म्हणजे जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे अशी जागा. संकुलाचं पार्किंग त्यात बसतं की नाही यावर वकील वाद घालत बसतील. त्यात शिरू नका.

पेठरोड_१५

नकाशावाले काकांच्या लिहिण्यात एक भर. कलम ९१ सुद्धा आहे: दिव्यांगांसाठीचा लाभ फसवून घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. स्टिकरवाल्यांना हे दाखवायला छान आहे, पण पार्किंगसाठी कुणी ते लावलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. ताई, त्या गृहस्थांच्या मागे लागू नका. संकुलाच्या मागे लागा.

लेस्टरकर_पण_पंचवटीचा

इथे इंग्लंडमध्ये ब्लू बॅज असतो. तो गाडीला मिळत नाही, माणसाला मिळतो. आज मुलाच्या गाडीत, उद्या टॅक्सीत, बॅज डॅशबोर्डवर ठेवायचा. माणूस प्रवासात नसेल तर घरच्यांनी वापरायचा नाही, आणि तो वारला की परत करायचा. गैरवापराला १,००० पाउंडांपर्यंत दंड. ऑगस्ट २०१९ पासून न दिसणाऱ्या दिव्यांगत्वालाही मिळतो. तरी बाबांचा बॅज घेऊन फुटबॉल बघायला जाणारे इथेही आहेतच, गोरे आणि आपले दोन्ही. फरक एवढाच की तपासणारा माणूस येऊन बॅज जप्त करू शकतो.

खडूस_आजोबा

म्हणजे तिकडेही हवा सोडायला वाव आहे.

गोदाकाठची

सगळ्यांचे आभार, आजोबांचेसुद्धा.

संकुलाच्या सेक्रेटरींना भेटले. नीट बोलले, चहा विचारला. म्हणणं असं: "तुम्हाला लावू दिली तर सगळेच टू-व्हीलरवाले लावतील." मी म्हटलं, सगळ्यांच्या गाडीला चार चाकं नसतात ना. त्यावर हसले, आणि "मीटिंगमध्ये ठेवतो" म्हणाले. मीटिंग कधी ते सांगितलं नाही. जागा मोजली, भाच्याने टेप धरला: २.४ मीटर! म्हणजे चित्र आहे, पण व्हीलचेअरवाल्यालाही तिचा उपयोग नाही.

वेगळ्या पट्ट्याची कल्पना मला सुरुवातीला रुचली नाही. असलेली जागा सोडून नवीन का मागायची, असं वाटलं. पण मधली_सुट्टी यांच्या काकांसारखे कारने येणारे आहेत, हे खरं. दोन्ही मागते.

अर्जाचा मसुदा असा केलाय, सुधारून द्या:

"मी दिव्यांग असून माझ्या वापरासाठी रूपांतरित केलेली स्कूटर चालवते. आपल्या संकुलातील दिव्यांगांसाठीच्या जागेची रुंदी २.४ मीटर असून तेथे साहित्य ठेवले जाते. ती जागा नियमानुसार रुंद करून मोकळी ठेवावी, तिच्या शेजारी रूपांतरित स्कूटरसाठी जमिनीच्या पातळीवर जागा आखावी, आणि यूडीआयडी कार्ड पाहून प्रवेश देण्याची लेखी सूचना सुरक्षारक्षकास द्यावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राज्य दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागेन."

नकाशावाला

मसुदा चांगला आहे. 'नियमानुसार' ऐवजी थेट '३.६ मीटर' लिहा, पण नकाशा आणि मंजुरीचं साल हातात आल्यावरच. 'साहित्य' म्हणजे काय ते लिहा: पाण्याचे जार, मालाचे खोके. दोन-तीन वेगवेगळ्या दिवसांचे फोटो जोडा, गाड्यांचे नंबर मात्र झाका, नाहीतर भांडण भलतीकडे जाईल. तुमच्या स्कूटरचा एक फोटो मागून, रुंदीवर टेप आडवा धरून. अर्ज दोन प्रतींत द्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय निघू नका. सेक्रेटरी शिक्का नाही म्हणाले तर रजिस्टर्ड एडीने (पोचपावतीच्या टपालाने) पाठवा.

मधली_सुट्टी

अर्जावर काकांचीही सही हवी असेल तर सांगा. ते त्याच संकुलात दातांच्या डॉक्टरांकडे जातात.