लिनक्सच्या बेस इन्स्टॉलमध्ये (सुरुवातीला आपोआप येणाऱ्या किमान पॅकेजेसमध्ये) साधा टेक्स्ट एडिटरही नको?

रात्रपाळी: 'बेसमध्ये कर्नल (सिस्टिमचा गाभा), शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) आणि पॅकेज मॅनेजर (सॉफ्टवेअर उतरवून टाकणारं टूल) पुरे, बाकीचं ज्याला हवं त्यानं टाकावं' ही पोस्ट वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. पॅकेज मॅनेजरला नेटवर्क लागतं. तेच बंद पडलं तर टाकायचं कुठून? एका क्लायंटचा सर्व्हर रीबूटनंतर नेटवर्कविना उठला. नेटवर्क इंटरफेसचं (नेटवर्क कार्डाचं) नाव बदललं होतं, कॉन्फिग फाइलमधली एक ओळ दुरुस्त करायची होती. कन्सोलवर ना नॅनो, ना व्हीआय, एकही एडिटर नाही. शेवटी सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडने ओळ बदलली. नेटवर्क तपासणारी पिंग कमांडही नव्हती, मग बॅश शेलच्या /डेव्ह/टीसीपी या सोयीने दुसऱ्या मशीनचा पोर्ट लागतोय का ते पाहिलं. पहाटे तीनला हे कोणी का करायचं?

मोकळी_डिस्क: म्हणून सगळ्यांच्या माथी एडिटर? प्रत्येक जादा पॅकेज म्हणजे सिक्युरिटी अपडेटचं जादा ओझं. आर्च या लिनक्स डिस्ट्रोने ऑक्टोबर २०१९ मध्ये बेस ग्रुप काढून मेटापॅकेज (इतर पॅकेजेस ओढून आणणारं पॅकेज) आणलं. त्यात एडिटर सोडा, कर्नलही नाही.

रात्रपाळी: कंटेनर यजमान मशीनचाच कर्नल वापरतो, त्याला वेगळा लागत नाही, मशीनला लागतो! एकाचा नियम दुसऱ्याला का? डेबियन डिस्ट्रोमध्ये पॅकेजेसच्या गरजेनुसार रिक्वायर्ड, इम्पॉर्टंट, स्टँडर्ड अशा पायऱ्याच आहेत. कंटेनरवाल्यांनी डीबूटस्ट्रॅप या इन्स्टॉल टूलचा 'मिनबेस' हा सगळ्यात छोटा पर्याय घ्यावा आणि सुखी राहावं.

जुनं_खोड: एडिटरचं सोडा, आयएफकॉन्फिग (नेटवर्क पत्ते दाखवणारी, लावणारी जुनी कमांड) काढलं त्याचं काय? डेबियन ९ पासून, म्हणजे २०१७ पासून, नव्या इन्स्टॉलमध्ये ते ज्यात असतं ते नेट-टूल्स पॅकेज आपोआप येतच नाही. आमच्या किती स्क्रिप्ट्स मोडल्या!

पोर्ट२२: बरं झालं काढलं. त्याच्या जागी आलेल्या 'आयपी' कमांडने लेबल (पत्त्याला द्यायचं नाव) न देता इंटरफेसला दुसरा पत्ता लावा आणि आयएफकॉन्फिगमध्ये शोधून दाखवा. दिसणार नाही. अर्धवट माहिती देणारं टूल बेसमध्ये कशाला?

जुनं_खोड: आम्हाला शिकवू नका. बीएसडीवर (युनिक्स घराण्यातल्या दुसऱ्या सिस्टिम्सवर) आजही आयएफकॉन्फिगच चालतं.

पोर्ट२२: अहो, ते वेगळं आयएफकॉन्फिग! त्यांनी त्यांचं वाढवत नेलं, लिनक्सचं होतं तिथेच राहिलं. नुसतं नाव सारखं असून काय उपयोग?

जुनं_खोड: दुसरा पत्ता लावून पाहिला. नाही दिसत, मान्य. पण चालत्या स्क्रिप्ट्स मोडायचा हक्क त्यामुळे मिळत नाही. दोन्ही ठेवायला जागा कितीशी लागते?

मोकळी_डिस्क: हेच ते! 'जागा कितीशी लागते' म्हणत म्हणत बेस फुगतो. एकाला आयएफकॉन्फिग, दुसऱ्याला टेलनेट (दूरच्या मशीनला जोडणारं जुनं टूल), तिसऱ्याला मेल सर्व्हर. काढायची वेळ आली की प्रत्येक जण भांडायला उभा. @रात्रपाळी, नेटवर्क बंद असताना ज्याच्यावाचून अडतं तेवढंच बोला. आयपीरूट२ ('आयपी' कमांडचं पॅकेज), पिंग, एक छोटा एडिटर. सर्व्हर इन्स्टॉलपुरतं हे मान्य, नाइलाजाने. मॅन पेजेस (कमांड आणि कॉन्फिगची माहितीची पानं) मात्र मागू नका.

रात्रपाळी: मागणारच. नेटवर्क लावून देणाऱ्या सिस्टमडी-नेटवर्कडीच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'गेटवे' (बाहेर जायचा राउटर) कुठल्या सेक्शनखाली लिहायचं हे नेट नसताना कोणाला विचारू? मॅन पेज डिस्कवर असेल तर दोन मिनिटांचं काम आहे.

मोकळी_डिस्क: मग फक्त बेसमधल्या पॅकेजेसची पानं. त्यापुढे एक केबी नाही.