अनुभव धागा: ओमानमधल्या आडबाजूच्या जागा

ओमानमधून तेलाची निर्यात १९६७ साली सुरू झाली. आता सरकारच्या ‘व्हिजन २०४०’ या आराखड्यात पर्यटनावरही भिस्त आहे. तिथे राहिलेल्यांनी, फिरून आलेल्यांनी लिहा: दुर्लक्षित जागांचं काय झालं, आणि पैसा गावात पोचताना दिसला का?

रुवीकर
मिस्फात अल अब्रियीन! अल हमराच्या वर, डोंगरकड्याला बिलगलेलं दगडमातीचं गाव. पूर्वी शुक्रवारी आम्ही डबे घेऊन जायचो, फलजच्या पाटाकडेने खजुराच्या बागेत भटकायचो आणि परतायचो. गावाला आमच्याकडून छदामही मिळत नसे. मग गावातल्याच लोकांनी जुनी घरं डागडुजी करून पाहुण्यांना राहायला द्यायला सुरुवात केली. गेल्या खेपेला आम्ही तिथेच मुक्काम केला. घरमालकाचा मुलगा कहवा आणि खजूर घेऊन आला, पाण्याच्या पाळ्या कशा ठरतात ते सांगत बसला. भाडं ऐकून मात्र नवरा पाच मिनिटं गप्प होता. जाणार असाल तर अंगभर कपडे घाला, लोक राहतात तिथे.

भटकी_मावशी
बहलाचा किल्ला. १९८७ पासून जागतिक वारसा, पडझडीमुळे १९८८ ते २००४ धोक्याच्या यादीत. दुरुस्ती देखणी झालीय. पण आम्ही तिकीट काढलं, किल्ला पाहिला आणि जेवायला निझवा गाठलं. बहलाला काय मिळालं?

रिगवरचा
मी तेलातलाच माणूस, तरी लिहितो. जिद्दत अल हरासीसच्या वाळवंटातलं ओरिक्सचं (हरणासारखा प्राणी) अभयारण्य १९९४ साली जागतिक वारसा यादीत गेलं. पुढे तेल शोधायचं म्हणून त्याचं क्षेत्र ९० टक्क्यांनी घटवलं आणि २००७ साली युनेस्कोने ते यादीतून काढून टाकलं. अशी वेळ आलेली जगातली ती पहिलीच जागा. तेलाला पर्याय शोधण्याच्या गप्पा ऐकल्या की मला हेच आठवतं.

सातारी_सून
खरीफमध्ये, म्हणजे तिथल्या पावसाळ्यात, दक्षिणेकडच्या सलालाहला गेलो. आखातातून लोक गाड्या हाकत येतात, कशाला, तर भुरभुर पाऊस बघायला! सासूबाई म्हणाल्या, “एवढ्यासाठी विमानात बसवलंस होय गं?” वादी दर्बातच्या दरीत गाड्यांची ही रांग. जवळच्याच सुमहुरमला, लोबानाच्या प्राचीन बंदरात, आम्ही आणि एक जर्मन जोडपं. तिथे भारतातून गेलेली खापरं सापडलीत, त्यामुळे सासूबाई जरा खुलल्या. रस्त्यावर शहाळी घेतली. शहाळी तिथलीच, विकणारा केरळचा. हंगाम संपल्यावर काय करतोस विचारलं, तर म्हणाला, “मस्कतला, सुपरमार्केटात.”