गोव्यात फ्रीमेसनरीची रचना आणि प्रवेश: माहिती हवी

फोंडेकर:
फ्रीमेसनरी या जुन्या बंधुत्व-संघटनेतल्या लॉज (स्थानिक शाखा), रीजनल ग्रँड लॉज आणि ग्रँड लॉज यांत कोण कोणाच्या हाताखाली? गोव्यातल्या माणसाने अर्ज कुठे करायचा? सोबत एक कॅथलिक मित्रही आहे. त्याला काही अडचण येईल का?

तिसवाडीकर:
सगळं लॉजपासून सुरू होतं. सभासदत्व लॉजचंच मिळतं, थेट ग्रँड लॉजचं नाही. सर्वांत वर दिल्लीची ग्रँड लॉज ऑफ इंडिया. इंग्लंड, आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजच्या संमतीने ती २४ नोव्हेंबर १९६१ रोजी स्थापन झाली. मधल्या पायरीवर दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि चेन्नई अशा चार रीजनल ग्रँड लॉज. गोव्याहून चौकशी करताना मुंबईला पत्र लिहिणं सोपं पडतं.

लॉजचा प्रमुख वर्शिपफुल मास्टर. मग सीनियर आणि ज्युनियर वॉर्डन, खजिनदार, सेक्रेटरी, दोन डीकन. दाराच्या आत इनर गार्ड आणि बाहेर उपसलेली तलवार घेऊन टायलर. गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथसाहिब, अवेस्ता हे सगळे ग्रंथ भारतातल्या लॉजमध्ये मांडलेले असतात, शपथ ज्याच्या त्याच्या धर्मग्रंथावर. धर्म आणि राजकारणावर चर्चा मात्र बंद.

प्रवेशाला वय २१ पूर्ण हवं, ईश्वरावर श्रद्धा हवी, आणि त्याच लॉजमधले सूचक व अनुमोदक हवेत. मग चौकशी आणि पांढऱ्या-काळ्या गोळ्यांनी गुप्त मतदान. अर्ज फेटाळायला मोजक्या काळ्या गोळ्या पुरतात. म्हणून जुजबी ओळखीच्या सूचकाची सही घेऊन घाई करू नका, आधी चार सभासदांना भेटा. पुढे तीन पदव्या: एंटर्ड अ‍ॅप्रेंटिस, फेलो क्राफ्ट, मास्टर मेसन.

सासष्टीकर:
मित्राचा प्रश्न गंभीर आहे. लॉजकडून आडकाठी नाही, चर्चकडून आहे. २६ नोव्हेंबर १९८३ च्या व्हॅटिकनच्या घोषणेनुसार मेसन झालेला कॅथलिक गंभीर पापाच्या स्थितीत असतो, त्याला कम्युनियन (चर्चमधला पवित्र प्रसाद) घेता येत नाही. स्थानिक धर्माधिकाऱ्यांना यात सूट देण्याचा अधिकारच नाही, तेव्हा गावच्या फादरनी तोंडी होकार दिला तरी तो ग्राह्य नाही. २०२३ मध्ये व्हॅटिकनने हेच पुन्हा सांगितलं. त्याने अर्जाआधीच निर्णय घ्यावा, शपथ घेतल्यावर नव्हे.

इतिहासाबद्दल एक: पोर्तुगालने १९३५ च्या कायदा क्रमांक १९०१ ने गुप्त संघटनांवर बंदी घातली, सरकारी नोकरांना आपण सभासद नसल्याचं लिहून द्यावं लागे. ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झाल्यावर महिन्याच्या आतच गोवा मुक्त झाला. म्हणून वर सांगितलेली रचना इंग्रजी वळणाची आहे, लिस्बनची नव्हे.

बार्देशकर:
पैशांचंही बघून घ्या. प्रवेश फी एकदाच, वर्गणी दरवर्षी, आणि तिच्यातला काही भाग वर जातो. वर्गणी थकली की नाव कमी होतं. नोकरीसाठी गोवा सोडताना सेक्रेटरीकडून येणे-बाकी नसल्याचा दाखला घ्या, नाहीतर दुसऱ्या गावच्या लॉजमध्ये अर्ज अडकतो. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘इलुमिनाती’ नावाच्या गुप्त मंडळात घेतो म्हणून पैसे मागणारे भामटे आहेत. प्रत्यक्ष भेटीशिवाय खरी लॉज कुणालाही घेत नाही.