बेनेट प्लेस सहल : पत्रक छापण्याआधी

प्रेषक: दिलीप

विद्याताई, मसुदा पाहिला. दोन वाक्यं बदला.

"अमेरिकेचं यादवी युद्ध इथे संपलं" हे खोडा. 9 एप्रिल 1865 ला अ‍ॅपोमॅटॉक्सला दक्षिणेचा (अमेरिकेतून फुटलेल्या राज्यांचा) सेनापती ली शरण आला तो आपल्या व्हर्जिनियातल्या फौजेपुरता, म्हणजे साधारण 28 हजार माणसांसह. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरमजवळच्या या बेनेट कुटुंबाच्या शेतघरात दक्षिणेच्या जॉन्स्टनने उत्तरेचा सेनापती शर्मनपुढे शरणागतीवर सही केली 26 एप्रिलला. मग 4 मेला अलाबामात सिट्रोनेलला दक्षिणेचाच सेनापती टेलर शरण आला, आणि त्यांच्याच बाजूचा चेरोकी (मूळनिवासी जमातीचा) सेनानी स्टँड वाटी तर थेट 23 जूनला. "सर्वांत मोठी शरणागती" म्हणा, ते चालेल.

दुसरं, "89,270 सैनिकांनी इथे शस्त्रं ठेवली." आकडा बरोबर, जागा चूक. त्यात दोन्ही कॅरोलायना, जॉर्जिया आणि फ्लोरिडातल्या तुकड्या धरल्या आहेत. करारानुसार जॉन्स्टनच्या फौजेची शस्त्रं जमा व्हायची होती ग्रीन्सबरोला. बेनेटच्या घरात वाटाघाटी चालत तेव्हा घरची माणसं शेजारच्या स्वयंपाकघरात जाऊन बसत. मावणार किती माणसं तिथे!

प्रेषक: विद्या

बदल करते. पण सही व्हायला तीन बैठका का लागल्या, हे मुलं हमखास विचारतील. आणि घर मूळचंच आहे ना?

प्रेषक: दिलीप

17 एप्रिलला निघताना शर्मनच्या हाती लिंकनच्या हत्येची तार पडली. ती त्याने जॉन्स्टनला एकांतात दाखवली. 18 तारखेला जो करार झाला तो फारच ऐसपैस होता: दक्षिणेतल्या राज्य सरकारांना मान्यतासुद्धा त्यात होती. सेनापतीने राजकारणात हात घातला म्हणून वॉशिंग्टनने तो फेटाळला आणि उत्तरेचा सरसेनापती ग्रँट स्वतः शर्मनकडे रालेला आला. इकडे दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिसचा हुकूम होता की पायदळ पांगवा आणि घोडदळ घेऊन निसटा. जॉन्स्टनने तो सरळ मोडला. माझ्या मते या जागेचं खरं महत्त्व त्यात आहे, आणि पत्रकात नेमकं तेच नाही.

26 तारखेचा करार निव्वळ लष्करी. पुन्हा शस्त्र उचलणार नाही अशी प्रत्येकाची लेखी हमी, अधिकाऱ्यांना जवळची हत्यारं, खाजगी घोडे आणि सामान ठेवायची मुभा. पुरवणी अटींत एक फार व्यवहारी कलम आहे: घरी परतताना प्रत्येक ब्रिगेडने आपल्या संख्येच्या एक सप्तमांश बंदुका सोबत ठेवाव्यात आणि आपल्या राज्याच्या राजधानीत पोचल्यावर जमा कराव्यात. वाटेत लुटारूंचा सुळसुळाट होता.

प्रेषक: अनघा

घराबद्दल मी सांगते. मूळ घर 1921 मध्ये जळलं, दगडी धुराडं तेवढं उरलं. आज दिसतं ते 1960 च्या दशकात त्याच काळातलं दुसरं घर आणून उभं केलेलं. म्हणून "याच भिंतींनी पाहिलं" वगैरे पत्रकात नको.

दोन खांबांवर आडवी शिळा असलेलं 'युनिटी' स्मारक 1923 चं आहे. खांब म्हणजे उत्तर आणि दक्षिण. बहुतेक लोक तिथे फोटो काढून परततात. घरासमोरून जाणारा जुना हिल्सबरो रस्ता मात्र दाखवाच: पश्चिमेकडून जॉन्स्टन आला, पूर्वेकडून शर्मन. मोठ्या रस्त्यावरचा राज्याचा फलक चालत्या गाडीतून वाचायचा, म्हणून मजकूर अगदी त्रोटक. बस तिथे थांबवू नका, आत वळल्यावरच मुलांना उतरवा.