एवढा पाऊस, तरी टँकर का?
वर एकांनी लिहिलंय की कोकणात एवढा पाऊस पडूनही मे महिन्यात टँकर लागतो, हा निव्वळ लोकांचा आळस. हे मला अजिबात पटलं नाही. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो खरा, पण सह्याद्रीपासून समुद्र जेमतेम ५० किलोमीटरवर, त्यामुळे नद्या तोकड्या आणि पाणी धावतच खाडीला मिळतं. किनारा आणि घाटपायथा यांबद्दल इथे बरंच बोलून झालंय, मधल्या सड्यांचं, म्हणजे जांभा दगडाच्या सपाट माळांचं, मात्र कुणी नावही काढलं नाही.

आमचं गाव राजापूर तालुक्यात. वर सपाट कातळ, त्याच्या कुशीला वाडी, खाली व्हाळाकाठी (ओढ्याकाठी) भाताचे मळे. जांभा सच्छिद्र असतो. पाणी त्यातून झिरपतं, खालच्या चिकणमातीला अडतं आणि सडा संपतो तिथे झरा होऊन बाहेर पडतं. वाड्या नेमक्या तिथेच का वसल्या, ते यावरून कळेल. आमच्या झऱ्यावर चार घरांच्या पोफळी (सुपारीची झाडं) जगायच्या, शिवाय हिवाळ्यात वायंगणाचं, म्हणजे पावसाळ्यानंतरचं दुसरं, भात व्हायचं. मग वर सड्यावर चिरेखाण, म्हणजे जांभ्याचे चिरे काढायची खाण, सुरू झाली आणि काही वर्षांत झरा एप्रिलातच आटू लागला. आता आई टँकरची वाट बघत हंडे मांडून बसते. सातबाऱ्यावर असल्या कातळाची नोंद बहुतेक वेळा पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, अशी असते, याचं फार वाईट वाटतं. बारसू, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पंही (कातळावर कोरलेली प्राचीन चित्रं) अशाच सड्यांवर आहेत, २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत.