घोडबंदर रोडवरून खारघरला बिऱ्हाड हलवायचे आहे. पॅकर्स-मूव्हर्सचे आपले अनुभव सांगाल का?

कासारवडवलीकर (प्रश्न)

नमस्कार. गेली अकरा वर्षे आम्ही कासारवडवलीला नवव्या मजल्यावर दोन बेडरूमच्या घरात राहत आहोत आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात खारघरला, चौथ्या मजल्यावरच्या घरात राहायला जाणार आहोत. दोन्हीकडे लिफ्ट आहे. सामान चारचौघांच्या घरात असते तेवढेच आहे. फक्त सासूबाईंचे सागवानी देवघर, त्यांचे पायाने चालवायचे शिलाई मशीन आणि लोणच्याच्या चिनी मातीच्या सात बरण्या यांची मला विशेष काळजी वाटते.

तीन कंपन्यांकडून दर मागवले. पहिलीने फोनवर "टू बीएचके ना, मग साडेअकरा हजार" एवढेच सांगून टाकले. दुसरीने व्हिडिओ कॉलवर घर पाहून १७,००० रुपये सांगितले. तिसरीचा माणूस प्रत्यक्ष घरी आला, पाऊण तास थांबला, माळ्यावर चढून जुनी भांडी आणि दिवाळीचे आकाशकंदीलसुद्धा मोजून गेला आणि त्याने २१,५०० रुपये अधिक जीएसटी असा लेखी दर पाठवला. त्याखाली "विमा ३ टक्के" अशी आणखी एक ओळ आहे; सामानाची किंमत चार लाख धरली, तर एकट्या त्या ओळीचेच बारा हजार होतात.

एकाच घराचे तीन दर एकमेकांपासून इतके लांब कसे असू शकतात, आणि हा विमा घ्यावा की घेऊ नये, याविषयी ज्यांनी अलीकडे ठाणे किंवा नवी मुंबईत घर हलवले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कोपरखैरणे_ते_माजिवडा

ताई, मी गेल्या वर्षी अगदी आपल्या पहिल्या कंपनीसारखाच फोनवरचा दर स्वीकारला होता, त्यामुळे तो दर पुढे कसा वाढत जातो हे मला चांगलेच ठाऊक आहे. ठरले होते ९,००० रुपये आणि मोजले १५,५००. कंपनीचे नाव इथे लिहीत नाही.

चौदा फुटी टेम्पो येईल असे सांगितले होते. प्रत्यक्षात सकाळी दहाऐवजी पाऊण वाजता छोटा हत्ती आला. त्यात सामान मावेना, म्हणून दुसरी फेरी आणि दुसऱ्या फेरीचे वेगळे पैसे. माजिवड्याच्या सोसायटीत टेम्पो तळमजल्याच्या पार्किंगमध्ये शिरला नाही, तेव्हा फाटकापासून लिफ्टपर्यंत सामान वाहून नेण्याचे वेगळे पैसे. पलंग खोलण्याचे वेगळे, जोडण्याचे त्याहून वेगळे. प्रत्येक वेळी मुकादमाचे उत्तर एकच होते, "साहेब, हे फोनवर बोललाच नव्हता." आणि त्याचे म्हणणे खोटे नव्हते, कारण मी खरोखरच पलंगाचा शब्द काढला नव्हता. अर्धे सामान टेम्पोत आणि अर्धे जिन्यात असताना भांडण करण्याइतकी ताकद कोणाच्याही अंगात नसते, हे त्या लोकांना आपल्यापेक्षा अधिक चांगले कळते.

नुकसानीचे म्हणाल, तर पुढून उघडणारे वॉशिंग मशीन गेले. अशा मशीनचा ड्रम आत स्प्रिंगवर लोंबकळत असतो आणि तो वाहतुकीत हलू नये म्हणून मागच्या बाजूने लांब ट्रान्झिट बोल्ट लावायचे असतात. नवीन मशीन बसवताना मेकॅनिकने काढून दिलेले ते बोल्ट माझ्याकडे एका डब्यात पडून होते, पण ना मला आठवण झाली ना त्यांनी विचारले. मशीन आडवे घातले गेले. नव्या घरी कपडे पिळायच्या वेळी ते स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत चालत आले.

पलंगाचे आठ बोल्ट एका कामगाराने शर्टाच्या खिशात टाकले होते आणि संध्याकाळी पलंग जोडायला आला तो माणूस दुसराच होता. ती रात्र आम्ही जमिनीवर गादी टाकून काढली. तेव्हापासून ओळखीत कोणीही घर हलवत असले, की मी सांगतो: स्क्रू-बोल्ट छोट्या पिशवीत घालून ती पिशवी त्याच लाकडी फळीला चिकटपट्टीने बांधून घ्या, आणि आपल्या डोळ्यांदेखत बांधून घ्या.

तात्पर्य असे, की साडेअकरा आणि साडेएकवीस हे दोन दर एकाच कामाचे नाहीतच. पहिल्यात काय येत नाही हे आपल्याला सामान हलवण्याच्या दिवशी कळेल.

घणसोलीचा_रहिवासी

माझे मत थोडे वेगळे आहे. मी एकटा राहतो. एक टेम्पो, तीन हमाल आणि रद्दीवाल्याकडून घेतलेली खोकी एवढ्यावर घणसोली ते ऐरोली ७,००० रुपयांत घर हलवले आणि एक कपही फुटला नाही. सामान थोडे असेल आणि बांधायला स्वतःला चार संध्याकाळ मिळणार असतील, तर कंपनीची गरज नाही. आपल्या घरी देवघर, शिलाई मशीन आणि वयस्कर माणसे आहेत, त्यामुळे हा सल्ला आपल्याला लागू पडेल असे मात्र मी म्हणणार नाही.

विमा_विभागातला_एक

मी मालवाहतुकीच्या विम्याच्या दाव्यांचे काम बरीच वर्षे केले आहे, म्हणून त्या ३ टक्क्यांच्या ओळीविषयी थोडे लांबलचक लिहितो.

मूव्हर्सच्या दरपत्रकात ज्याला विमा म्हटलेले असते, तो पुष्कळदा विमा नसतोच. त्याला धंद्यात एफओव्ही म्हणतात, म्हणजे मालाच्या किमतीवर आकारलेले जोखमीचे शुल्क. हे पैसे वाहतूकदाराच्याच गल्ल्यात जातात, आणि काही मोडले तर भरपाई द्यायची की नाही हेही तोच ठरवतो. खऱ्या विम्यात पैसे विमा कंपनीकडे जातात आणि आपल्या नावाचे, पॉलिसी क्रमांक असलेले प्रमाणपत्र माल निघण्याआधी हातात येते. म्हणून त्या तिसऱ्या कंपनीला एकच विचारावे: "प्रमाणपत्र कोणत्या विमा कंपनीचे आणि आदल्या दिवशी मिळेल का?" उत्तर गोलमाल आले तर ती ओळ खोडून घ्यावी.

प्रमाणपत्र मिळालेच, तर त्यावर इनलँड ट्रान्झिट क्लॉज 'ए' लिहिले आहे की 'बी', हे पाहावे. 'बी'मध्ये आग, वीज, पूल कोसळणे, गाडीची टक्कर होणे किंवा ती उलटणे अशी मोजकी कारणे असतात. काचेचे कपाट जिन्यात आपटले, तर 'बी'खाली दमडीही मिळत नाही. 'ए'मध्ये संरक्षण बरेच व्यापक असते, पण तिथेही आपण स्वतः भरलेल्या खोक्यांतल्या फुटतुटीवर सहसा वाद होतो, कारण आत काय होते आणि ते कसे बांधले होते हे कोणीच पाहिलेले नसते. बरण्या कंपनीलाच बांधू द्याव्यात, असे मी म्हणतो ते यासाठी.

विमा नसला तरी वाहतूकदार मोकळा सुटत नाही. रस्त्याने मालवाहतुकीचा २००७ चा कायदा आणि त्याखालचे २०११ चे नियम यांनुसार, कागदावर मालाची जास्त किंमत नोंदवलेली नसेल, तर मालाच्या नुकसानीबद्दल वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे वाहतूक भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित राहते. इथे एक मेख आहे. एकूण बिल २१,५०० चे असले, तरी त्यात भाडे म्हणून केवळ ४,००० आणि बाकीचे पॅकिंग, मजुरी असे दाखवले असेल, तर दहापट म्हणजे ४०,०००. त्यामुळे बिलाची फोड आधीच मागावी आणि महागड्या वस्तूंची किंमत पावतीवर लिहून घ्यावी. याच कायद्यानुसार दावा लावायचा असेल, तर माल नोंदवल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. तोंडी तक्रारीत आणि व्हॉट्सॲपवरच्या "बघतो साहेब"मध्ये हे दिवस भराभर संपतात.

ग्राहक आयोगाचा मार्ग वेगळा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची असते आणि सेवेसाठी आपण मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. खारघर आपण सगळे नवी मुंबईत धरतो, पण ते रायगड जिल्ह्यात येते, हे तक्रार लिहिताना लक्षात ठेवावे. व्यवहार ठाण्यात झालेला असल्याने ठाण्याच्या आयोगाचाही पर्याय आपल्याला राहील.

आणखी दोन किरकोळ गोष्टी. घरातल्या वापरलेल्या सामानाला ई-वे बिल लागत नाही, त्यामुळे त्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. आणि बिलावरचा जीएसटी क्रमांक पंधरा अंकी-अक्षरी असतो, महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो. पोर्टलवर तो टाकला की कंपनीचे नोंदणीकृत नाव दिसते. ते नाव आणि ज्या खात्यात आपण आगाऊ रक्कम भरणार ते नाव जुळत नसेल, तर मी एक रुपयाही भरणार नाही.

नेरूळ_सिडको_वसाहत

विमा विभागातल्या काकांनी कागदांचे सांगितले, मी माणसांचे सांगते. आम्ही दोघे निवृत्त शिक्षक आहोत. नेरूळच्या सिडकोच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या घरातून, दोन वर्षांपूर्वी सीवूड्सला आलो. आमचा अनुभव फार चांगला होता आणि त्याचे बरेचसे श्रेय त्यांच्या मुकादमाला द्यावे लागेल.

तो आल्या आल्या सामानाला हात न लावता पाणी प्यायला आणि वही काढून बसला. प्रत्येक वस्तूला क्रमांक, आणि क्रमांकापुढे तिची आजची अवस्था: "कपाट, डावे दार, खाली पोचा", "टीपॉय, काच, कोपऱ्याला टवका". मला आधी वाटले, हा आमच्या सामानाला नावे ठेवतो आहे. नंतर कळले, की हीच यादी उतरवताना ताडून पाहायची असते आणि जुना टवका नव्या भांडणाचे कारण होत नाही. यादीच्या दोन्ही प्रतींवर दोघांच्या सह्या झाल्या.

बरण्यांचे त्याने असे केले: लोणचे आम्ही आधीच डब्यांत काढून ठेवले होते, रिकाम्या बरणीच्या तोंडात वर्तमानपत्राचा बोळा, झाकण वेगळे गुंडाळलेले, बरणीभोवती बबल रॅपचे दोन वेढे, मग खाकी पुठ्ठ्याची नळी, आणि खोक्यात दोन बरण्यांच्या मध्ये जुने टॉवेल. खोके भरल्यावर त्याने ते कानाशी धरून हलवले. "आवाज आला नाही पाहिजे, मॅडम," एवढेच म्हणाला.

आपल्यासाठी एक सूचना. नव्या सोसायटीत सामान चढवण्याच्या वेळा, लिफ्ट वापरण्याची अनामत आणि रविवारी परवानगी आहे की नाही हे लेखी विचारून ठेवा. तसेच काही ठिकाणी सामान उतरवायला आमचीच माणसे लागतील असा आग्रह धरणारे लोक फाटकाशी येऊन उभे राहतात. त्या वाराईचा, म्हणजे सामान उतरवण्याच्या मजुरीचा, वाद उद्भवला तर तो कंपनीने निस्तरायचा, असे दरपत्रकातच लिहून घ्यावे. आमच्याकडे ते लिहिलेले होते, मुकादम दहा मिनिटे बोलून आला आणि विषय तिथेच संपला.

कासारवडवलीकर

सर्वांचे मनापासून आभार. सामान हलवून आज आठ दिवस झाले, म्हणून पुढचे लिहिते.

तिसरीच कंपनी घेतली. विम्याच्या प्रमाणपत्राविषयी विचारल्यावर दोन दिवस काहीच उत्तर आले नाही आणि मग "आमची स्वतःची पॉलिसी नाही, मॅडम, ते कंपनीचे जोखीम शुल्क आहे" असा निरोप आला. बारा हजारांची ती ओळ निघाली. त्याऐवजी देवघर, शिलाई मशीन, टीव्ही, फ्रिज आणि वॉशिंग मशीन या पाच वस्तूंच्या किमती पावतीवर लिहून घेतल्या. २१,५०० वर १८ टक्के जीएसटी मिळून २५,३७० रुपये झाले आणि शेवटपर्यंत तेवढेच राहिले. त्यातले पाच हजार आगाऊ, बाकीचे सामान उतरल्यावर.

वॉशिंग मशीनचे ट्रान्झिट बोल्ट बाल्कनीतल्या हत्यारांच्या डब्यात सापडले. कोपरखैरणेच्या दादांनी लिहिले नसते तर ते मी भंगारात दिले असते. एसी काढायला मात्र आमचा नेहमीचाच मेकॅनिक बोलावला. त्याने मशीन चालू ठेवून आधी एक झडप बंद केली, गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतला आणि मगच नळ्या सोडवल्या. मूव्हर्सचा माणूस नुसता पाना घेऊन आला होता, त्याला मी हात लावू दिला नाही.

त्या दिवशी पहाटेपासून पाऊस होता आणि विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरले होते, त्यामुळे टेम्पो मुंब्रा बायपास, शिळफाट्यावरून फिरून आला आणि सोसायटीची सहाची वेळ टळायला वीस मिनिटे असताना पोचला. व्यवस्थापकांना आधीच फोन केल्याने त्यांनी तासभर वाढवून दिला. पावसाळ्यात कोणी जाणार असेल, तर दुपारी बारानंतर निघायचे ठरवू नये.

सेहेचाळीस नग यादीप्रमाणे उतरले. सातही बरण्या धड आहेत. देवघराच्या कळसाचे टोक तेवढे उडाले. निघतानाच्या यादीत त्यापुढे "ठीक" असे त्यांच्याच अक्षरात होते, म्हणून मी दोन्ही प्रतींवर नुकसानीची नोंद करून मगच सही केली. मुकादमाने कार्यालयात फोन लावला आणि सुताराच्या खर्चापोटी उरलेल्या रकमेतून १,२०० रुपये वळते करून घेतले. सुतार परवा येणार आहे. कळसाचे टोक सासूबाईंनी कापसात गुंडाळून हळदीकुंकवाच्या डबीशेजारी ठेवले आहे.